मी गहाण जन्मलेली भट्टी

मी भट्टी. पिझ्झ्याची. गेली काही वर्षं सगळे माझ्यासमोर उभं राहून बोलले, भांडले, एकदा एक बाप्या रडलासुद्धा, आणि मी गप्प राहिले. भट्टीने भाजावं, तोंड घालू नये, असं मला वाटायचं. आता माझ्यात आग नाही, काम नाही. तेव्हा बोलते. गोड बोलायची मला सवय नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, खाली गॅसच्या नळ्या बसवल्या आणि पोटातून एक जाळीचा पट्टा आरपार काढला. एका तोंडाने कच्चा पिझ्झा आत घ्यायचा, दुसऱ्या तोंडाने भाजून बाहेर द्यायचा, असं माझं काम. जन्मल्यावर कुणी नाव ठेवलं नाही, नंबर ठोकला. मी कारखान्याच्या दारातून बाहेर पडायच्या आधी तो नंबर एका बँकेच्या कागदावर चढला होता. लोकांच्या वस्तू आधी घरात येतात आणि वाईट दिवस आले की गहाण पडतात. मी गहाणच जन्मले.

ओहायो नदीच्या काठाला कोल्टर्स लँडिंग म्हणून गाव आहे. तिथे मला उतरवलं. गावात एकेकाळी पोलादाचा कारखाना होता. तो बंद पडला आणि त्याबरोबर अर्धी दुकानं बंद पडली. अशा एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात माझी जागा होती. भिंतींना नवा लाल रंग, दारावर नवी पाटी: अंकल बेनो पिझ्झा. अंकल बेनो कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. तो टीव्हीवरच्या जाहिरातीतला मिशीवाला होता, एवढंच.

दुकान लोरेटा पावलिकचं. रुंद खांद्यांची, पन्नाशीची बाई. बावीस वर्षं शाळेच्या खाणावळीत पोरांना वाढलं तिने. नवरा एर्नी, पोलाद कारखान्यातून घरी बसवलेला, बोलायला मोठा, मनाने मऊ. आणि लोरेटाची आई टेक्ला ह्रुश्का. ऐंशीच्या पुढची, हातात काठी, आणि जीभ काठीपेक्षा कडक. ही तिघं टेकडीवरच्या घरात राहायची. ते घर टेक्लाच्या नवऱ्याने कारखान्याच्या पगारातून बांधलं होतं. म्हातारीने ते मरायची वाट न बघता लेकीच्या नावावर करून टाकलं होतं, म्हणजे मागे कटकट नको.

आता हे दुकान उभं कसं राहिलं ते सांगते. त्यांच्या भांडणांतून मी ते तुकड्यातुकड्याने ऐकलंय.

लोरेटाला स्वतःचं दुकान काढायचं होतं. स्वतःच्या नावाचं, गावच्या पद्धतीच्या पिझ्झ्याचं. ती बँकेत गेली. बँकेतल्या स्टॅम्पर नावाच्या साहेबाने विचारलं, "याआधी कधी दुकान चालवलंय?" ती म्हणाली, "चारशे पोरांना रोज जेवायला घालते." तो म्हणाला, "ते दुकान नव्हे." आणि त्यानेच सुचवलं, की एखाद्या मोठ्या कंपनीचं नाव घ्या. कंपनीचं नाव, कंपनीची कृती, कंपनीची पाटी. तुम्ही पैसे घालायचे, राबायचं, आणि विक्रीतला वाटा दर आठवड्याला कंपनीला द्यायचा. असं असेल तर सरकार कर्जाला जामीन राहतं आणि बँकही हात आखडत नाही. म्हणजे बघा, बाईच्या हाताला कर्ज नाही, मिशीवाल्याच्या चित्राला आहे.

लोरेटाने साठवलेलं आणि एर्नीला कारखान्याकडून मिळालेलं सगळं आधी आत गेलं, कारण थोडे पैसे स्वतःचे घालावेच लागतात. वर कर्ज. कर्जाला मी तारण, टेबलं तारण, लाल खुर्च्या तारण. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून टेकडीवरचं घरही तारण.

एर्नीने ही घराची गोष्ट फार मनावर घेतली नाही. तो गावभर सांगत सुटला, "सरकार जामीन आहे. बुडालो तर सरकार भरेल. आता बोला." जुने सोबती त्याच्या पाठीवर थाप मारायचे. कारखाना बुडाला तेव्हा यांच्यामागे कुणीही उभं राहिलं नव्हतं. आता खुद्द सरकार पाठीशी आहे म्हटल्यावर माणूस फुलणारच. मला त्याचा राग येतो, पण ते फुलणं मी समजू शकते.

दुकान उघडायच्या आधी स्टॅम्पर मला बघायला आला. वस्तू खरोखर आल्यात का ते बँकेला बघावं लागतं. त्याने माझा नंबर ताडून पाहिला आणि माझ्या कुशीवर बँकेची एक चंदेरी पट्टी चिकटवली. टेक्ला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "मिस्टर स्टॅम्पर, सरकार जामीन आहे म्हणतात ते खरं?"

"खरं आहे, मिसेस ह्रुश्का. बऱ्याच मोठ्या हिश्श्याला."

"मग माझं घर कशाला लिहून घेतलंत?"

एर्नी हसला. "मा, ती नुसती पद्धत असते."

"तुला नाही विचारलं. ह्यांना विचारलं."

स्टॅम्परने चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता तो. म्हणाला, "जामीन बँकेसाठी असतो. कर्ज बुडालं तर सरकार बँकेचं नुकसान भरून देतं. पावलिक मंडळींचं देणं तसंच उभं राहतं. हे मी सह्यांच्या वेळी सांगितलं होतं."

"म्हणजे छत्री तुमच्या डोक्यावर," म्हातारी म्हणाली, "आणि दांडा धरायला आम्ही."

स्टॅम्परने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. लोरेटाने एर्नीकडे पाहिलं. एर्नीने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच त्याला फसवलं होतं. सह्या तर होऊन गेल्या होत्या.

पहिले काही आठवडे दुकान गर्दीने ओसंडलं. नवी पाटी, नवा वास, लोक बघायला आले. मी मन लावून भाजलं. कंपनीने माझी आच ठरवून दिलेली, पट्ट्याचा वेग ठरवून दिलेला, गोल पोळीवर किती चीज ते तोलून दिलेलं. चीज पोळीबरोबर आत यायचं, माझ्या पोटात फसफसायचं, कडेला तांबूस व्हायचं. मला माझ्या कामाचा अभिमान होता. तो लपवायचा कशाला?

मग गस आला. एर्नीचा कारखान्यातला सोबती. त्याने गल्ल्यावरच खोका उघडला आणि आत वाकून बघितलं.

"एर्नी, चीज घालायला विसरलास."

"अरे आहे की. भाजलंय ते."

"भाजलं कशाला? त्याने काय गुन्हा केला होता?"

"गस, सगळ्या देशात असंच खातात."

"मग सगळ्या देशाला सांग इथे येऊन खा."

हसू नका. सगळं प्रकरण इथेच आहे. त्या नदीच्या खोऱ्यात पिझ्झा चौकोनी तव्यात भाजतात, नुसता पाव आणि वर टोमॅटोचा रस. बाहेर आला की त्यावर थंडगार चीज मूठमूठ टाकायचं आणि लगेच खोक्याचं झाकण लावायचं. घरी पोहोचेपर्यंत वाफेने ते अर्धं मऊ होतं, अर्धं तसंच राहतं. बाहेरगावचा माणूस बघून म्हणतो, हा कच्चाच आहे की. इथली पोरं लग्न होऊन दूर गेली तरी माहेरी आल्यावर आधी तो खोका मागतात, मग आईला मिठी मारतात.

आणि लोरेटाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती त्याच चिजावर वाढली. पण कंपनीच्या माणसांनी तिला चकचकीत खोलीत बसवून सांगितलं होतं, की नाव चाललं की सगळं चालतं. आणि गावातला जो तो म्हणाला होता, "काढ गं दुकान, आम्ही येऊ." आले, एकेकदा. नाही म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून लोक हो म्हणतात आणि त्या होकारावर कुणी घर पणाला लावतं.

शरद ऋतूत शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या फुटबॉलचे सामने असतात. अख्खं गाव मैदानावर असतं. सामना सुटला की सगळे पिझ्झा नेतात. त्या वर्षी ते आमच्या दारावरून, आम्हाला हात करत, नदीच्या पुलापलीकडच्या जुन्या दुकानात गेले. येताना खोके छातीशी धरून पुन्हा आमच्याच दारावरून. लोरेटा काचेमागे उभी राहून बघायची. माझा पट्टा रिकामा फिरायचा. रिकामा पट्टा फिरताना एक किरकिर होते, ती मला स्वतःला ऐकवत नाही.

विक्री कमी झाली तरी कंपनीचा वाटा आधी कापला जायचा. नफा झाला का, हे कंपनी विचारत नाही, विकलं किती ते विचारते. मग बँकेचा हप्ता. मग पिठाचे पैसे. लोरेटा स्वतःला पगार घेईनाशी झाली.

एका शुक्रवारी टेक्ला काठी टेकत आत आली आणि सरळ माझ्यापाशी आली. हातात पिशवी, पिशवीत घरचे दोन चौकोनी तवे. "लोरी, पीठ दे."

"मा, कंपनीची परवानगी नाही."

"कंपनी कुठे आहे? दाखव मला. या खुर्चीखाली आहे?"

तवे माझ्यातून गेले. लालभडक, वाफाळते बाहेर आले. आणि म्हातारीने त्यावर थंड चीज टाकलं, गारेगार, शीतपेटीतून काढलेलं. सांगते खरं, मला कानफटात मारल्यासारखं झालं. भट्टी समोर पेटलेली असताना चीज बाहेर ठेवायचं? आईला स्वयंपाकघराबाहेर उभं करण्यासारखंच ते. मी त्या दिवशी इतकी तापले की एर्नीने दोनदा माझी आच उतरवली.

पण दारातून गस आला, मग त्याची बायको, मग मैदानावरून रांग. कुणी काही विचारलं नाही, नुसते पैसे पुढे केले. "असंच ना, लोरी?" "असंच." एवढंच बोलणं. त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी तेच. गोल पिझ्झा नावाला, चौकोनी गावाला. हप्ते वेळेवर जायला लागले. लोरेटाच्या चालण्यात पुन्हा जोर आला.

मग कंपनीची कोर्टनी आली. तिशीची मुलगी, पांढरे बूट, तोंडात सगळ्यांसाठी गोड शब्द. ती न सांगता तपासायला येते, तेच तिचं काम. तिने तवा पाहिला, खोका पाहिला.

"मिसेस पावलिक, हे चीज भट्टीतून गेलेलं नाही."

"जायचं नसतंच ते," लोरेटा म्हणाली.

"आपल्या पिझ्झ्यात जायचं असतं."

"तुमच्या. हा आमचा आहे."

"पाटी आमची आहे," कोर्टनी हळू म्हणाली. तिने फोटो काढले. जाण्याआधी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा घेतला. दुसऱ्याचा फोटो नाही काढला.

थोड्या दिवसांत कंपनीने कळवलं. गोल पिझ्झ्याशिवाय काहीही विकलं तर नाव काढून घेऊ. आणि नाव गेलं तर कर्जही मोडतं, सगळं एकदम फेडावं लागतं, कारण कर्ज दिलं होतं त्या नावावर.

एर्नी अजूनही तिथेच अडकला होता. "मोडू दे, लोरी. सरकार भरेल. त्यासाठीच तर जामीन घेतला." लोरेटाने स्टॅम्परला दुकानात बोलावलं आणि म्हणाली, "यांना पुन्हा सांगा. हळूहळू सांगा."

स्टॅम्पर उभाच राहिला. "एर्नी, तुम्ही हप्ते थांबवलेत तर बँक आधी ही भट्टी विकेल, खुर्च्या विकेल. मग घर. तरीही जे बुडेल त्याचा मोठा भाग सरकार बँकेला देईल. आणि मग तेच सरकार तुमच्यामागे लागेल. तुम्ही दोघांनी स्वतःच्या हमीवर सही केली आहे."

"म्हणजे माझ्यामागे कुणीच नाही?" एर्नी म्हणाला.

"तुमच्यामागे नव्हतंच कुणी. बँकेमागे होतं."

तेव्हा रडला तो. माझ्या गरम पत्र्याला पाठ टेकून. मी काय करणार? ऊब दिली. माझ्याकडे तेवढीच असते.

त्यांनी कंपनीचं ऐकून बघितलं. तवे घरी गेले. गोल पिझ्झे आले, रांग गेली. हिवाळा सरला तेव्हा लोरेटा माझ्यासमोरच्या टेबलाशी आईला घेऊन बसली. तिने दोन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. टेक्लाच म्हणाली, "घर विकायचं म्हणतेस ना? विक."

"बँकेने ओढून नेण्याआधी आपण विकलं तर भाव बरा येईल, मा. शेजारच्या तालुक्यात अंकल बेनोचंच दुकान चालवणारा माणूस आपलं दुकान घ्यायला तयार आहे. त्याचे पैसे आणि घराचे मिळून कर्ज फिटतं. पण तुझं घर..."

"माझं कुठलं? मी तुला दिलं होतं. दिलेल्या वस्तूवर मी बसून राहत नाही."

"पपांनी बांधलेलं."

"त्याने जिना इतका उभा बांधला की मी चाळीस वर्षं त्याला शिव्या देत चढले. आता सपाटीवर राहू." मग म्हातारीचा आवाज जरा बसला. "अंगणातलं चेरीचं झाड तेवढं नवीन माणसांनी तोडू नये. सांगून बघ."

सांगून बघितलं. नवीन माणसं हो म्हणाली. तेही असंच हो असेल.

दुकान गेलं तेव्हा मीही जायची होते. पण कंपनीने त्याच सुमाराला नव्या भट्ट्या ठरवल्या. माझी जात बाद. नव्या मालकाने माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे धूड कोण नेणार?" लोरेटा हात वर करून म्हणाली, "मी." तो म्हणाला, "न्या, मला उचलायचा खर्च वाचला." माझी किंमत मी त्या दिवशी ऐकली. वाईट वाटलं, खोटं का बोलू? पण जिने हात वर केला तिचा हातही पाहिला मी.

कर्ज फिटलं त्या दिवशी लोरेटा मला ठेवलं होतं तिथे आली. एर्नीच्या भावाची गाडीशेड. तिथे मी अजून आहे, गवत कापायचं यंत्र एका बाजूला, नाताळची दिव्यांची माळ दुसऱ्या बाजूला. तिने लोणी लावायची सुरी काढली आणि माझ्या कुशीवरची बँकेची पट्टी खरवडून काढली. सावकाश, पत्र्याला ओरखडा न उठू देता. खाली एक चौकोन निघाला, आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा उजळ. तो अजून तसाच आहे. अंगावर तेवढ्याच जागी मी नवी दिसते.

आता तुम्ही म्हणाल, मग पेटवत का नाहीत? तर कंपनीच्या करारात एक अट अशी आहे, की दुकान सोडल्यावरही काही काळ त्या परिसरात पिझ्झा विकायचा नाही. नाव परत घेतलं, वर हातही बांधून ठेवले. लोरेटा पुन्हा शाळेच्या खाणावळीत आहे. एर्नी शाळेची बस चालवतो आणि आता सरकारबद्दल काही बोलत नाही. तिघं नाभिकाच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतात. तिथेही जिना आहेच. टेक्ला त्यालाही शिव्या देते.

अट संपत आली आहे. मागच्या रविवारी तिघं आली. एर्नीने गॅसची टाकी जोडली, नुसतं बघायला, की माझ्यात जीव आहे का. टेक्लाने काठीने माझ्या पत्र्यावर ठोकलं. "ए बाई, मेलीस का आहेस?" पट्टा पहिल्यांदा अडला, मग किरकिरला, मग फिरला. लोरेटाने एकच तवा आत सारला. बाहेर आला तेव्हा तिने मुठीने थंड चीज टाकलं आणि झाकण लावलं. माझ्यातून ते चीज गेलं नाही. या वेळी मी आच चढवली नाही. ज्या चिजासाठी घर गेलं ते कुठून जावं हे ठरवणारी मी कोण?

तिघांनी गाडीशेडमध्ये उभ्याउभ्या खाल्लं. एर्नी म्हणाला, "बँकेत जाऊन विचारू का, छोटं काहीतरी..." दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने उरलेलं वाक्य पिझ्झ्याबरोबर गिळलं. मग लोरेटाच म्हणाली, "विचारू. पण या वेळी प्रश्न मा विचारेल. आणि सहीच्या आधी विचारेल."

कर्ज घेऊ नका असं मी म्हणत नाही. मी कर्जातूनच जन्मले, मला तसं म्हणायचा अधिकार नाही. एवढंच म्हणते, की कुणी तुमच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, अमका जामीन आहे, तर तिथल्या तिथे विचारा, कुणाला? उत्तर येईपर्यंत पेन उचलू नका. घरात एखादी तिखट म्हातारी असेल तर तिला बरोबर न्या.

आणि जमलं तर, परत जाताना त्यांनी माझ्या तोंडावर टाकलेली ही दिव्यांच्या माळेची गुंडाळी कुणीतरी काढा. मला लवकरच ते उघडावं लागणार आहे.